पौषातली अंजनेरी

अंजनेरीला नाशिककरांची झुंबड उडते ती पावसाळ्यात. डोंगर नीट पाहायचा असेल तर मात्र पौषातच जावे, असे माझे ठाम मत आहे. सह्याद्रीत बर्फ पडत नाही, पण निफाडकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येत होत्या त्याच आठवड्यात आमचा गट निघाला, आणि त्र्यंबक रस्त्यावर साधारण 20 किलोमीटरवरच्या अंजनेरी फाट्याला चहासाठी उतरलो तेव्हा कानटोपी काढायची कोणाची तयारी नव्हती.

गाव मागे टाकल्यावर घळीतली पायऱ्यांची वाट लागते. येथे ऊन उशिरा पोहोचते, त्यामुळे कातळ बराच वेळ गारठलेला असतो. जांभूळ, उंबर आणि करवंदीच्या जाळ्यांतून चढताना मध्येच एक जैन लेणे येते. आमच्यातल्या ज्येष्ठ काकांनी तेथे सर्वांना थांबायला लावले, ते बरेच झाले, कारण धापा टाकत जाणारे बहुतेक जण ते न पाहताच पुढे निघून जातात.

पठारावर आल्यावर हिवाळ्याचा खरा लाभ कळतो. पावसाळ्यात ढगांत बुडालेले कडे आता लख्ख दिसत होते, आणि त्यांच्या कपारींखाली विष्ठेचे पांढरे ओघळ होते. ती लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती. हिवाळा हा त्यांचा विणीचा हंगाम असल्याने आम्ही दुरूनच दुर्बिणीतून पाहिले. पंख न हलवता एक गिधाड कड्याच्या बाजूने वर चढत गेले आणि आमच्याही उंचीच्या वर पोहोचले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे, ती गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर देशातली बहुतेक गिधाडे संपली होती. म्हणून येथे दिसणारे प्रत्येक घरटे मला मोलाचे वाटते.

पायाखालच्या वाळल्या गवताचेही तसेच आहे. याच डोंगरावरून नाव मिळालेली सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात 2006 मध्ये विज्ञानाला ज्ञात झाली. पावसाळ्यात फुलणारी ही वनस्पती हिवाळ्यात जमिनीखाली कंदरूपाने असते, वर तिची काहीच खूण नसते. त्यामुळे मळलेली वाट सोडून चालू नये आणि वणव्याला कारण होईल अशी एक ठिणगीही पडू देऊ नये.

तळ्याकाठी भाकरी, ठेचा आणि तिळाचे लाडू झाले. माकडांपासून डबे सांभाळावे लागले. मग दुसरा टप्पा चढून सुमारे 4,200 फुटांवरच्या अंजनीमातेच्या मंदिरात गेलो. हनुमानाचा जन्म या डोंगरावर झाला, अशी श्रद्धा आहे. तेथून पश्चिमेला गोदावरीचे उगमस्थान असलेला ब्रह्मगिरी आणि दुसऱ्या बाजूला गंगापूर धरणाचे पाणी स्वच्छ दिसले.

उतरल्यावर गावातल्या भग्न मंदिरांसाठी तासभर तरी राखून ठेवावा. त्यांतील एका जैन मंदिरात शके 1063 चा यादवकालीन शिलालेख आहे, आणि मंदिराला काही दुकानांचे उत्पन्न दान दिल्याची नोंद त्यात आहे; म्हणजे आज शांत दिसणाऱ्या या गावात त्या काळी भरती बाजारपेठ होती.