तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लेंड म्हणजे उरलंसुरलं का?

मी एका छोट्या वायनरीत काम करते. वाइन चाखायला आलेल्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतंच, ‘रेड ब्लेंड म्हणजे उरल्यासुरल्या वाइन एकत्र ओतलेल्या ना?’

तशा बाटल्याही बाजारात असतात, नाही कशाला म्हणू? पण फ्रान्समधल्या बोर्दोच्या ज्या रेड वाइनचं नाव लोक आदराने घेतात, त्यातल्या बहुतेक ब्लेंडच आहेत, म्हणजे वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाइनचं मिश्रण. तिथल्या द्राक्षांच्या जातींपैकी मर्लो लवकर फुलते नि लवकर पिकते, कॅबर्ने सोविन्यॉन मागाहून. वसंतातल्या हिमाने मर्लोला झोडपलं तर कॅबर्ने बचावू शकते. काढणीच्या वेळी पाऊस आला तर तोवर मर्लो घरात आलेली असते. म्हणजे मिश्रणाची सुरुवात बागेतच होते, काय लावायचं हे ठरवतानाच. शिवाय लेबलवर एकाच द्राक्षाचं नाव असलं म्हणून आत तेवढंच असतं असंही नाही. युरोपीय संघात त्या वाणाचा वाटा किमान ८५ टक्के लागतो, अमेरिकेत साधारणपणे ७५ टक्के पुरतो.

आमच्याकडे ब्लेंड ठरवायचं काम टेबलावर चालतं. १०० मिलिलिटरचा मेझरिंग सिलिंडर, पिपेट आणि नुसते आकडे लिहिलेले ग्लास. कुठल्या ग्लासात काय आहे हे चाखणाऱ्याला सांगायचं नाही. ६० मिली मर्लो, ३० कॅबर्ने सोविन्यॉन, १० कॅबर्ने फ्राँ. सुरुवात छान, मग मधेच चव खचते आणि घोट गिळल्यावर काहीच उरत नाही. आता मर्लो दोन मिली कमी करून तेवढी पेटी व्हर्दो या आणखी एका द्राक्षाची वाइन घातली, तर रंग गडद होतो आणि टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतला तुरटपणा, हिरड्यांना जाणवायला लागतं. आणखी तीन मिली घातली की मर्लोचं मऊपण पार दबून जातं. लगेच खूश व्हायचं नाही हेही आलंच. ताजं मिश्रण फसवं असतं. ग्लास झाकून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखायचे, आणि आदल्या दिवशीचा लाडका नंबर बरेचदा मागे पडलेला असतो.

मोठ्या वायनरीला निवडायला शेकडो बॅरल असतात. आमच्याकडे मोजकी. २२५ लिटरच्या एका बॅरलमधून जेमतेम ३०० बाटल्या निघतात. सिलिंडरमध्ये सर्वात सुरेख लागलेल्या मिश्रणाला कॅबर्ने फ्राँची दोन बॅरल हवीत आणि आहे एकच, असं झालं की बसा पुन्हा हिशेब करत! खरी रडारड इथे असते, नाकजिभेची कसोटी त्यामानाने सोपी.

राहता राहिली बिघडलेली वाइन. व्हिनेगरचा वास धरलेलं बॅरल चांगल्या वाइनमध्ये ओतलं, तर चांगलीही हातची जाते. ब्लेंडमध्ये एकीची उणीव दुसरी भरून काढते, दोष मात्र झाकता येत नाही. फॅन्सी नाव देऊन आतले वाण न सांगणाऱ्या बाटल्यांवर माझा राग आहे तो यासाठीच. टक्केवारी लिहायला काय हरकत आहे?

आणि उरलंसुरलं म्हणाल, तर आमच्याकडे ते ब्लेंडच्या बाहेर राहतं. कुठल्याच मिश्रणात न बसलेली पण धडधाकट वाइन दुसऱ्या वायनरीला घाऊक विकली जाते, त्यांच्या नावाने बाटलीत जाते.