चित्रात जागा कोरी सोडता येत नाही

टायरानोसॉरस रेक्सचे डोके कवटीच्या छायाचित्रांवरून रेखाटत असताना माझी पेन्सिल जबड्याच्या कडेशी येऊन थांबली. दातांची लांबी, डोळ्याची खोबण, जबड्याचे स्नायू जिथे जोडलेले असत त्या खुणा, हे सारे कवटीवर दिसत होते. पण तोंड मिटल्यावर ते दात मगरीसारखे बाहेर राहत की घोरपडीसारखे ओठांआड जात, हे तिच्याकडे पाहून ठरवता येत नव्हते. शोधनिबंध लिहिणाऱ्याला अशा ठिकाणी ‘पुरावा अपुरा आहे’ असे नोंदवून पुढे जाता येते. चित्रकाराला ती सोय नसते, कारण त्याने ओठ काढले काय किंवा वगळले काय, दोन्ही वेळा त्या प्राण्याविषयी काहीतरी ठामपणे सांगितले जातेच.

डायनोसॉरच्या चित्रणात कलेचे खरे काम इथेच सुरू होते, असे मला वाटते. ओठांचा हा प्रश्न चित्रकारांमध्ये बरीच वर्षे चर्चेत होता, आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याला दातांच्या एनॅमलच्या, म्हणजे दातांवरच्या कठीण आवरणाच्या, मार्गाने हात घातला. मगरीच्या कायम उघड्या राहणाऱ्या दातांचे एनॅमल बाहेरच्या बाजूने झिजते. टायरानोसॉरसचा जवळचा नातलग असलेल्या डास्प्लेटोसॉरसच्या दातावर मात्र तशी झीज आढळली नाही, म्हणून त्याचे दात ओठांनी झाकलेले असावेत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. तो सर्वांना मान्य नसला तरी मला पटतो.

चुकीच्या चित्रांविषयीही मला आदर आहे. ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1842 मध्ये ‘डायनोसॉर’ या गटाला नाव दिले आणि 1854 मध्ये लंडनच्या सिडनहॅम भागात क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराने उभारलेले पूर्णाकृती पुतळे लोकांसमोर आले. त्यांतला इग्वानोडॉन चार पायांवर उभा असलेला, गेंड्यासारखा जड प्राणी आहे आणि त्याच्या नाकावर एक शिंग आहे. पुढे 1878 मध्ये बेल्जियममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे जवळजवळ पूर्ण अवस्थेत सापडले, तेव्हा ते शिंग म्हणजे अंगठ्याचे टोकदार हाड असल्याचे निश्चित झाले. हाती आलेल्या थोड्याशा हाडांवरून पूर्ण प्राणी घडवण्याचे धाडस त्या शिल्पकाराने केले आणि आपला तर्क सर्वांना तपासता येईल असा उघड्यावर मांडला, ही गोष्ट मला त्या शिंगाच्या चुकीपेक्षा मोठी वाटते.

अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी 1969 मध्ये डायनोनिकस या शिकारी डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यासाठी त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट बाकर यांनी वेगाने धावणारा, शेपटी आडवी ताठ धरलेला प्राणी रेखाटला. डायनोसॉर म्हणजे सुस्त सरपटणारे प्राणी, ही समजूत मोडण्यात त्या एका रेखाचित्राचा मोठा वाटा आहे.

पण कला आणि विज्ञान यांच्या सहकार्याचे मला सर्वांत आवडते उदाहरण सिटॅकोसॉरसचे आहे. पोपटासारखी चोच असलेल्या या लहान डायनोसॉरचा चीनमध्ये सापडलेला एक जीवाश्म जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयात आहे आणि त्याच्या त्वचेवर गडद-फिक्या रंगाचे ठसे अजून टिकून आहेत. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांबरोबर काम करताना बॉब निकोल्स या चित्रकाराने त्या प्राण्याची पूर्णाकृती प्रतिकृती घडवली आणि जीवाश्मावरील रंगखुणा तिच्यावर जशाच्या तशा उतरवल्या. पाठ गडद आणि पोट फिके असले की वरून पडणारा प्रकाश गडद रंगामुळे व खालची सावली फिक्या रंगामुळे झाकली जाते आणि प्राणी चटकन नजरेत भरत नाही. मात्र गडद रंग अंगाच्या कुशीवर कुठे आणि कसा फिका व्हावा, हे तो उघड्या उन्हात राहतो की झाडांच्या सावलीत, यावर अवलंबून असते. म्हणून त्याच साच्यातली दुसरी प्रतिकृती एकसारख्या करड्या रंगाने रंगवून उघड्यावर आणि झाडांखाली ठेवली गेली, तिच्यावर पडणाऱ्या सावल्यांची छायाचित्रे घेतली गेली आणि त्यांची तुलना खऱ्या रंगखुणांशी केली गेली. या रंगखुणा झाडांखालच्या विखुरलेल्या प्रकाशाशी जुळल्या. सिटॅकोसॉरस दाट झाडीत राहत असावा, हे 2016 मध्ये मांडलेले अनुमान शिल्पाशिवाय काढणे फार अवघड गेले असते, कारण चपट्या दगडातल्या जीवाश्मावर सावली पाडून काहीच कळत नाही.

प्रत्येक चित्राशेजारी त्यातला पुरावा किती आणि तर्क किती हे लिहिलेले असावे, असे मला मनापासून वाटते, कारण रंगवलेली प्रत्येक गोष्ट पाहणाऱ्याला सारखीच खरी वाटते. माझ्या त्या रेखाटनाच्या खाली मी आता लिहिले आहे: कवटीचा आकार जीवाश्मावरून, ओठ 2023 च्या अभ्यासावरून, डोळ्याभोवतीचा तांबूस रंग माझ्या कल्पनेतून.