कॅन परत आली, तीही दोनदा

लघवीची कॅन पिशवीत लपवून लोकमान्य नगरहून मॅजिकमध्ये (ती शेअरची छोटी गाडी) मांडीवर घेऊन तपासणीला जायचं आणि लॅबच्या काउंटरवरची मुलगी म्हणते "आंटी, ये नहीं चलेगा"! दोनदा झालं, अजून डोकं तापतं.

मूळ चूक माझीच. तांब्याच्या बाटलीत रात्रभर लिंबूपाणी ठेवून सकाळी पीत होते. आई बिनकल्हईच्या भांड्यात ताकही ठेवू देत नसे, आंबटाने तांबं उतरतं, पण व्हॉट्सॲपवर आलं ना! दीड महिन्यात मळमळ, तोंडात नाणं चोखल्यासारखी चव. डॉक्टरांनी रक्तातलं कॉपर, झिंक, सेरुलोप्लाझमिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं कॉपर लिहून दिलं. रक्ताचं पाच मिनिटांत झालं.

लघवीचं ऐका. सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून वेळ धरायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली मात्र घ्यायची, हे कोणी सांगेल? चिठ्ठीवर नुसतं "२४ घंटे". मी दोन्ही दिवसांची पहिली घातली, परत. दुसऱ्यांदा सगळं बरोबर केलं तर म्हणे कॅन घरची आहे, धातूचा अंश असू शकतो. अगं, घरचीच आणा म्हणालीस ना तूच! हे म्हणतात, "काय गंगाजल आणलंयस का?" तिसऱ्यांदा भांडून त्यांचीच अ‍ॅसिडने धुतलेली कॅन घेतली, दिवसभर घरात अडकले, नणंदेकडचं हळदीकुंकू बुडालं. लघवी धरायचा मगसुद्धा प्लास्टिकचाच वापरा.

रिपोर्टमध्ये रक्तातलं कॉपर थोडं वर, झिंक खाली, बाकी नॉर्मल, त्यामुळे विल्सन नावाच्या, शरीरात तांबं साठत जाणाऱ्या आजाराची शंका मिटली. आतड्यात तांबं नि जस्त एकमेकांच्या आड येतात म्हणे. मी लगेच झिंकच्या गोळ्या घ्यायला निघाले, डॉक्टर ओरडले, जास्त झिंक बरेच दिवस घेतलं तर उलट तांबं घसरतं, आणि तांब्याशिवाय शरीराला लोह नीट वापरता येत नाही, म्हणजे रक्त कमी.

हां, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील किंवा अंगात कुठे सूज असेल तर आधीच सांगा, त्यानेही रक्तातलं कॉपर वर दिसतं.

लिंबू बंद केल्यावर आठवड्यात मळमळ गेली. बाटलीत आता साधं पाणी. आणि कॅनवर सुरुवातीची नि शेवटची वेळ पेनने लिहा, मी तर तीन जागी लिहिली होती.