चार मिलिमीटर आणि सहा आठवडे

बोल्ट जात नव्हता. मी टॉर्च तोंडात धरून फरशीवर आडवा, धाकटा भाऊ पट्ट्यानं इंजिन उचलून धरतोय, आणि इंजिन चासीला जोडणाऱ्या प्लेटीच्या भोकातून पलीकडचा उजेड चंद्रकोरीएवढाच दिसतोय. याच चासीतून, याच इंजिनचे, हेच बोल्ट तीन महिन्यांपूर्वी मी हातानं ओढून काढले होते. आता हातोडीनं ठोकूनही आत शिरेनात.

गाडी काकांची. १९८७ ची बुलेट ३५०, बिडाच्या सिलिंडरचं जुनं इंजिन, गिअर उजव्या पायाला. काका गेल्यावर पाच वर्षं गोठ्यात उभी होती. मला ती जशीच्या तशी चकचकीत करायची नव्हती. एकाच माणसाची स्प्रिंगची सीट, आखूड मडगार्ड, दोन्ही बाजूंचे डबे काढून मधली जागा मोकळी, वायर कुठं दिसायला नको, असं डोक्यात होतं. रंग मात्र काळाच. आरसी बुकात काळा आहे आणि रंग बदलला की त्याचीही नोंद करून घ्यावी लागते.

कायद्याचं एकदाच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा ठणकावलं. म्हणून मी मूळ नळ्या कापल्या नाहीत, लांबी-उंची बदलली नाही, मागची सीट चार बोल्टांवर काढ-घाल होईल अशी ठेवली. चासी नंबर मानेवर, म्हणजे हँडल जिथं फिरतं त्या जागी, असतो, त्याला ग्राइंडर लागता कामा नये. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला जावं लागतं, तिथं तो नंबर वाचता आला पाहिजे, प्रिंट निघाली पाहिजे. पेंटर लोक त्यावर बिनधास्त लांबी, म्हणजे खळगे भरायची पुट्टी, भरतात. त्यांना ती जागा गुळगुळीत हवी असते. त्यांचा दोष नाही, आपण आधी सांगायचं.

गाडी उघडणं, धुणं, नटबोल्ट पिशव्यांत घालून वर चिठ्ठ्या लावणं हे दोन रविवारांत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं सगळं वेल्डिंगवाल्याकडं आहे.

कोल्हापुरात वेल्डिंगवाला शोधावा लागत नाही. उद्यमनगरात एका गल्लीत दहा भेटतात. मी गेलो तो नाव असलेला. (त्याचं नाव इथं लिहिणार नाही.) काम साधं होतं. डब्यांचे जुने कान (सामान अडकवायला चासीला जोडलेले छोटे तुकडे) कापून घासायचे, सीटच्या स्प्रिंगांना दोन कान, टाकीला मागं एक आणि मानेत एक त्रिकोणी पट्टी. ही पट्टी माझी हौस. फोटोंत पाहिली होती, मजबुतीला चांगली असते असं वाचलं होतं. तो म्हणाला, ‘चार दिवसांत देतो.’

चार दिवसांनी गेलो तर चासी भिंतीला टेकलेली, तशीच. ‘भावा, उद्या या.’ उद्या म्हणजे सोमवार, सोमवारी लाईट नाही, मग त्याच्या मेव्हण्याचं लग्न, मग एका साखर कारखान्याचं तातडीचं काम. फोन केला की मागं ग्राइंडरचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, माझंच चाललंय. पाच आठवडे मी रोज ऑफिस सुटल्यावर वाट वाकडी करून त्या गल्लीतून जायचो. सहाव्या आठवड्यात एका दुपारी त्याचा पोऱ्या चासी रिक्षात घालून घरी आणून टाकून गेला. वेल्डिंग दिसायला झकास होतं, ओळीनं नाणी मांडल्यासारखं. मी पैसे दिले, वर चहालाही पन्नास दिले. आणि रविवारी बोल्ट जाईना.

तिथून खरी गंमत. मी मोजून पाहिलं. पुढची नळी खालच्या टोकाला चार मिलिमीटर मागं आली होती आणि अंदाजे दोन मिलिमीटर डावीकडं. फोन केला तर म्हणाला, ‘तुमचं इंजिनच वाकडं असंल.’ प्रत्यक्ष गेलो तर म्हणाला, ‘भोकं जरा मोठी करा की, काय होत नाही.’ तिसऱ्यांदा गेलो तर, ‘हातोड्यानं ठोका, बसतंय.’ यातलं एकही करू नका. भोक मोठं केलं की बोल्ट सैल बसतो, इंजिन थरथरतं, आणि महिन्याभरात प्लेटी भोकं खायला लागतात. मी जवळजवळ केलंच होतं. ड्रिल हातात होतं. रागानं माणूस काय करील सांगता येत नाही.

ही चूक का झाली ते मला नंतर कळलं. जुन्या बुलेटच्या चासीला इंजिनखालून नळी नसते. पुढची नळी मानेतून खाली येते आणि हवेत संपते. तिथून मागच्या भागापर्यंतचा पूल म्हणजे इंजिनच, पुढं प्लेटी आणि मागं गिअरबॉक्सच्या प्लेटी यांच्यामध्ये बसवलेलं. इंजिन काढलं की ती नळी एका टोकाला मोकळी लोंबते. मानेत पट्टी वेल्ड केली, तीही नळीच्या मागच्या अंगाला. वेल्ड थंड होताना आकसतो आणि आपल्याकडं ओढतो. मानेपाशी केसभर ओढलं तर खालच्या टोकाला चार मिलिमीटर. त्यात त्यानं आधी एक बाजू पूर्ण भरून मग दुसरी घेतली, म्हणून ती डावीकडंही गेली. इंजिन आवळलेलं असतं तर नळीला हलायला जागाच राहिली नसती.

हे मला सांगितलं शेजारच्या गल्लीतल्या आबांनी. आबा फिटर म्हणून निवृत्त झालेत, घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा वाइस आणि एक जुनं वेल्डिंग मशीन आहे. चासीकडं त्यांनी मिनिटभर पाहिलं आणि विचारलं, ‘ही पट्टी कुणी सांगितली?’ मी म्हटलं, मीच. ‘काकानं तुझ्या किती वर्षं चालवली गाडी?’ तीस. ‘मान मोडली कधी?’ नाही. यावर ते काहीच बोलले नाहीत, फक्त ग्राइंडर माझ्या हातात दिला.

पट्टी काढायला दोन तास गेले. नळीला न खाता काढायची असते, म्हणून शेवटचा थर फ्लॅप डिस्कनं, हळूहळू. पट्टी सुटताच नळी स्वतःहून पुढं आली. मोजलं तर दीड मिलिमीटरच फरक उरलेला! ओव्हरटाइमचा पगार झाल्यासारखा आनंद झाला मला. मग घासलेल्या जागी रॉकेल लावलं, दहा मिनिटांनी कोरडं पुसून खडूची पूड चोळली. कुठं चीर असेल तर रॉकेल खडूत उतरून काळी रेघ दिसते. दिसली नाही. एका ठिकाणी वेल्डनं नळीला बारीक खाच पाडली होती, ती आबांनी नंतर भरली. नंतर म्हणजे क्रँककेस, इंजिनचं खालचं रिकामं कवच, बसवल्यावर.

क्रँककेसची युक्तीही त्यांचीच. आख्खं इंजिन सारखं उचलायचं नाही. भंगारवाल्याकडून फुटकी क्रँककेस आणायची, अॅल्युमिनियमच्या भावानं वजनावर मिळते. फुटलेली चालते, बोल्टांची भोकं शाबूत हवीत. ती प्लेटींसकट चासीत आवळायची आणि मगच वेल्डिंगची पहिली ठिणगी. उरलेला दीड मिलिमीटर निमुळत्या पंचीनं भोकं ओढून जुळवला. मग खाच भरली आणि सीटचे कानही त्यांनी नव्यानं लावले, पेराएवढा तुकडा डावीकडं, तेवढाच उजवीकडं, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, पाणी मारायचं नाही. रात्रभर तसंच आवळून ठेवलं. सकाळी आबांनी बोल्ट सोडवले आणि एका बोटानं ढकलून बाहेर काढून दाखवले. मजुरी विचारली तर म्हणाले, पेढे आण.

थोडक्यात, सहा आठवडे ज्या पट्टीसाठी घालवले ती पट्टी आता गाडीवर नाही.

त्यानंतर मी हट्टानं सगळी गाडी बिनरंगाची जोडली. दोन्ही चाकं, पुढचं चाक धरणारा चिमटा, शॉकअप, टाकी, सीट, मडगार्ड, सायलेन्सर, चेन, केबल, बॅटरीचा ट्रे, सगळं. लोक आधी रंग देतात आणि मग जोडतात, आणि मग नव्या रंगावर ड्रिल चालवताना रडतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, माझी क्लचची केबल उजवीकडं वळताना टाकीखाली चिमटत होती. शॉकअपच्या जागी मोजून कापलेल्या लोखंडी पट्ट्या लावून चाक पूर्ण वर आलेल्या स्थितीत ठेवून पाहा. मडगार्ड टायरला घासतंय का ते तेव्हाच कळतं, खड्ड्यात कळण्यापेक्षा बरं. चाकांची सरळ रेष दोरीनं पाहिली. दोन्ही टायर ३.२५ चे, एकाच रुंदीचे, त्यामुळं दोरी मागच्या टायरला दोन ठिकाणी आणि पुढच्याला दोन ठिकाणी टेकली पाहिजे. मापं वेगळी असतील तर दोन्ही बाजूंचं अंतर सारखं येतंय का ते बघायचं. माझी दोरी चारही ठिकाणी टेकली तेव्हा बायकोला खाली बोलावून दाखवली. तिला त्यात काय पाहायचं ते कळलं नाही.

आणखी एक, आधीच लिहायला हवं होतं. लांबी भरायची की पावडर कोटिंग करायचं हे वेल्डिंग घासण्याआधी ठरवा. पावडरची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते, त्यात नेहमीची लांबी टिकत नाही. मी साधा रंग घेतला, कारण एका कानाजवळ खळगा होता. पावडर करणाऱ्यांनी आट्यांत, हँडलच्या बॉल रेसरच्या जागी आणि बोल्टांच्या भोकांत बुचं मारायला सांगावं, नाहीतर तिथं थर बसतो आणि पुन्हा बोल्ट जात नाही. बोल्ट न जाणं मला आता स्वप्नात दिसतं. बॅटरीच्या अर्थिंगची जागाही कोरी ठेवायची.

चासी ब्लास्टिंगला, म्हणजे खडे मारून साफ करायला, दिली ती आषाढात, हा माझा मूर्खपणा. सकाळी पांढरीशुभ्र झालेली चासी संध्याकाळपर्यंत चहाच्या रंगाची झाली. कोल्हापूरचा पाऊस, दुसरं काय. पुन्हा घासून त्याच दिवशी प्रायमर मारून घेतला. ब्लास्टिंगवाल्याला आधी विचारा, प्रायमर तिथंच मारतोस का. नंबरवर मी कापडी टेपचे चार थर लावले होते, ते टिकले. नळ्यांच्या तोंडांत कापडाचे बोळे कोंबले होते, तरी पुढचे तीन दिवस चासी हलवली की आतून खडे पडत होते.

रंग छान झाला. पेंटरकडून आणून चासी गोठ्यात दोरीला टांगली आणि मी सामानाच्या पिशव्या एकेक उघडायला घेतल्या. सातव्या पिशवीत हॉर्न निघाला. बिनरंगाच्या जोडणीत सगळं लावलं होतं, हॉर्न सोडून. त्याचा कान मूळचा टूलबॉक्सच्या कानाला जोडलेला, आणि तो मीच कापायला सांगितला होता. आबांना फोन केला. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, पाइपवाल्याकडं रबरी अस्तराचा क्लॅम्प मिळतो, वीस रुपयांना.

हॉर्न अजून त्याच क्लॅम्पवर आहे.