हुजूर, मजूर आणि वैतागलेला मतदार

माझा भाचा गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरी करतो. त्याच्याजवळ अजूनही भारतीय पासपोर्ट आहे, आणि येत्या गुरुवारी, 4 जुलै 2024 रोजी, तोच पासपोर्ट दाखवून तो ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करणार आहे. त्याने हे मला प्रथम सांगितले तेव्हा तो थट्टा करतो आहे असेच वाटले, पण नियम खरोखरच तसा आहे. तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मताधिकार आहे, आणि नव्या कायद्याने मतदान केंद्रावर ओळखपत्र सक्तीचे झाल्यावर राष्ट्रकुल देशाचा पासपोर्टही त्यासाठी ग्राह्य धरला गेला. उलट 19 एप्रिलला नागपुरात मतदान झाले तेव्हा त्याला इथे मत देता आले नाही, कारण परदेशातल्या भारतीयाने यादीत नाव नोंदवले तरी मत द्यायला स्वतः केंद्रावर यावे लागते, आणि एका मतासाठी विमानाचे तिकीट काढण्याइतकी लोकशाहीनिष्ठा आमच्या घराण्यात कोणातच नाही.

एवढा दुर्मीळ हक्क हाती असूनही त्याच्यात उत्साह मात्र औषधालाही नाही. "जायचे म्हणून जाईन, आत्या, पण मनापासून कोणालाच द्यावेसे वाटत नाही," असे तो म्हणतो, आणि त्याच्या कचेरीतले बहुतेक इंग्रज सहकारीही हेच म्हणतात. हे वाक्य मी सीताबर्डीवर, बसमध्ये आणि शाळेच्या शिक्षक-खोलीत इतक्या वेळा ऐकले आहे की ते लीड्सहून आले म्हणून मला वेगळे वाटले नाही. तरीही वैतागाचे कारण काय आणि त्या वैतागाचे मतपेटीत होते काय, हे समजून घ्यावेसे वाटले, म्हणून हा लेख.

कारण समजायला मला त्याच्या दाढेपासून सुरुवात करावी लागते. गेल्या दिवाळीत तो नागपूरला आला तो सुजलेला गाल घेऊनच. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नवे रुग्ण घेणारा दंतवैद्य त्याला कित्येक महिने मिळाला नव्हता, खासगी दवाखान्याचा आकडा ऐकून तो परत फिरला होता, आणि लवंगेच्या तेलावर दिवस काढून अखेर धरमपेठेतल्या एका दवाखान्यात तीन फेऱ्यांत रूट कॅनल करून परत गेला. ज्या देशाने 1948 साली सर्वांना मोफत आरोग्यसेवा दिली आणि जिचा अभिमान तिथले लोक देवघरातल्या समईसारखा जपतात, त्या देशातून माणूस दाढ दाखवायला विदर्भात येतो, ही गोष्ट मला अजूनही पचलेली नाही. इंग्लंडमध्ये रुग्णालयांच्या प्रतीक्षायादीवरील प्रकरणांची संख्या आज 75 लाखांच्या आसपास आहे. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी जानेवारी 2023 मध्ये जी पाच वचने दिली होती त्यांत ही यादी कमी करण्याचे वचन होते, आणि ते पाळता आले नाही हे त्यांनी स्वतःच यंदा फेब्रुवारीत कबूल केले.

मराठी वृत्तपत्रांनी तिथल्या दोन मोठ्या पक्षांना, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लेबर यांना, फार पूर्वीपासून हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष अशी यमक जुळणारी नावे दिली आहेत. हुजूर पक्ष 2010 पासून सत्तेवर आहे आणि या चौदा वर्षांत त्याने कॅमेरॉन, मे, जॉन्सन, ट्रस आणि सुनक असे पाच पंतप्रधान देशाला दाखवले. टाळेबंदीत लोक आपल्या मरणासन्न आईबापांना भेटू शकत नव्हते, त्या काळात पंतप्रधानांच्या निवासस्थानी मेजवान्या झडत होत्या; त्याबद्दल एप्रिल 2022 मध्ये बोरिस जॉन्सन यांना आणि तेव्हा अर्थमंत्री असलेल्या सुनक यांनाही पोलिसांनी दंड केला. त्यानंतर आलेल्या लिझ ट्रस यांचे सरकार 23 सप्टेंबर 2022 च्या करकपातीच्या अर्थसंकल्पाने असे कोसळले की त्यांची कारकीर्द एकूण 49 दिवसांत आटोपली, पण गृहकर्जाचे हप्ते मात्र ज्यांचे वाढले त्यांचे वाढलेच. आता या महिन्यात उघड झाले आहे की निवडणूक जुलैत होईल यावर पंतप्रधानांच्या एका निकटच्या खासदाराने घोषणेच्या तीनच दिवस आधी 100 पौंडांची पैज लावली होती. निवडणुकीवर पैज लावणे तिथे कायदेशीर आहे. तारीख ठाऊक असण्याची शक्यता ज्याच्याबाबत आहे त्याने ती लावावी का, एवढाच प्रश्न आहे आणि त्याची चौकशी सुरू आहे. नद्यांमध्ये सोडल्या जाणाऱ्या मैलापाण्यावरूनही लोक भयंकर संतापले आहेत असे भाचा सांगत होता, पण नाग नदीच्या काठी आयुष्य गेलेल्या बाईला त्याचे फारसे कौतुक वाटले नाही.

अशा वेळी विरोधी पक्षाच्या नावाने जयजयकार व्हायला हवा होता. जनमत चाचण्यांत मजूर पक्ष सुमारे 20 टक्क्यांनी पुढे आहे हे खरे, पण तो जयजयकार कोणाला ऐकू येत नाही. किअर स्टार्मर 2020 साली पक्षाचे नेते झाले ते दहा प्रतिज्ञा करून. त्यांतली विद्यापीठांचे शुल्क रद्द करण्याची प्रतिज्ञा त्यांनी पुढे सोडून दिली, आणि हरित ऊर्जेसाठी दरवर्षी 28 अब्ज पौंड गुंतवण्याचा संकल्पही यंदा फेब्रुवारीत गुंडाळला. मे महिन्यात हुजूर पक्षाच्या उजव्या टोकाला बसणाऱ्या एक खासदारबाई सभागृहातच बाके बदलून मजूर पक्षात आल्या तेव्हा त्यांचे हसतमुखाने स्वागत झाले. पक्षांतरबंदीचा कायदा तिथे नाहीच, त्यामुळे अडचण कोणालाच आली नाही. भाच्याने त्या दिवशी मला एवढाच निरोप पाठवला होता: "आत्या, वॉशिंग मशीन इकडेही आले." उडदामाजी काळेगोरे, काय निवडावे निवडणारे, अशी तिथल्या मतदाराची अवस्था आहे, आणि हुजूर व मजूर यांत फरक एका अक्षराचाच उरला आहे ही त्याची तक्रार मराठीत शब्दशः खरी ठरते.

हा मोहभंग केवळ या दोन-चार वर्षांतला नाही. 1950 साली ब्रिटनमध्ये 84 टक्के मतदान झाले होते, ते 2001 साली 59 टक्क्यांवर आले. 2003 मध्ये इराक युद्धाविरुद्ध लंडनच्या रस्त्यांवर प्रचंड जनसमुदाय उतरला आणि मजूर पक्षाच्या सरकारने तरीही युद्ध केले. 2009 मध्ये खासदारांच्या भत्त्यांची बिले एका दैनिकाने छापायला सुरुवात केली, तेव्हा एकाने तळ्यात तरंगणाऱ्या बदकघराचा तर दुसऱ्याने आपल्या वाड्याभोवतीच्या खंदकाच्या सफाईचा खर्च कागदावर मांडलेला दिसला. रकमा तशा किरकोळ होत्या, आपल्याकडच्या एखाद्या नगरसेवकालाही त्यांत रस वाटला नसता. पण बदकाला घर आणि माणसाला भाड्याची खोली, हे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढून हलले नाही. पुढच्याच वर्षी विद्यार्थ्यांना शुल्कवाढीविरुद्ध लेखी वचन देऊन मते घेणारा उदारमतवादी पक्ष सत्तेत सहभागी झाला आणि इंग्लंडमधील कमाल शुल्क 9,000 पौंडांवर नेण्यात त्याने हात दिला. ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स या जुन्या पाहणीचा या जूनमधला निष्कर्ष असा की कोणत्याही पक्षाचे सरकार पक्षहितापेक्षा देशहित पुढे ठेवील यावर 45 टक्के लोकांचा जवळजवळ कधीच विश्वास नसतो, आणि इतका मोठा आकडा या पाहणीत पूर्वी कधी आला नव्हता.

मला खरे कुतूहल आहे ते पुढच्या टप्प्याचे. वैतागलेला माणूस गुरुवारी केंद्रावर गेला तर त्याचा वैताग कागदावर उतरणार कसा? तिथल्या मतपत्रिकेवर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय नाही. लहान पक्षाला मत द्यावे तर 650 मतदारसंघांत प्रत्येकी सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो, त्यामुळे विखुरलेली मते वाऱ्यावर जातात: 2015 साली युकिप या पक्षाला सुमारे 39 लाख मते मिळून एकच खासदार मिळाला, आणि स्कॉटलंडपुरती एकवटलेली साडेचौदा लाख मते मिळवणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीचे 56 निवडून आले. ही पद्धत बदलण्याचा एक सौम्य प्रस्ताव 2011 च्या सार्वमतात लोकांनीच दोन-तृतीयांशाहून अधिक मतांनी फेटाळला, तेही अवघ्या 42 टक्के मतदानात. मग उरते ते दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मत देणे. इराकनंतरच्या 2005 च्या निवडणुकीत 61 टक्के लोकांनी मतदान केले, त्यांतल्या 35 टक्क्यांनी मजूर पक्षाला मत दिले, म्हणजे एकूण मतदारांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याने. तरी त्या पक्षाच्या पदरात साडेतीनशेहून अधिक जागा पडल्या. माझी समजूत अशी की या वेळीही वैतागाची मते बहुमताच्या राशीत मिसळून जातील, आणि ज्याच्या दारात ती रास पडेल तो तिला प्रेम समजेल. वीट म्हणून निवडलेल्याला आपण वीट आहोत हे कोणी सांगत नाही, कारण मतपत्रिकेवर तेवढी जागाच नसते.

कोणी मतपत्रिकेवर शिव्या लिहितात, चित्रे काढतात. अशा शंकास्पद मतपत्रिका मतमोजणीच्या वेळी उमेदवारांना दाखवल्या जातात. 2015 साली वेल्समध्ये एका मतदाराने एका उमेदवाराच्या नावापुढे अश्लील चित्र काढले. ते इतके नेमके चौकटीच्या आत बसले होते की अधिकाऱ्याने ते त्या उमेदवाराचे वैध मत धरले, आणि निवडून आलेल्या त्या गृहस्थांनीच ही गोष्ट नंतर मजेने सांगितली. शिवीसुद्धा पाठिंबा म्हणून मोजली गेल्याचे याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्याकडे 'नोटा'चे बटण आहे, त्यामुळे आपण या बाबतीत पुढे आहोत असे भाच्याला वाटते. मला तसे वाटत नाही. यंदाच्या लोकसभा निवडणुकीत इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर 'नोटा'ला 2 लाख 18 हजारांहून अधिक मते मिळाली, आणि निकालावर त्याचा परिणाम शून्य झाला. महाराष्ट्रात तर 2022 आणि 2023 मध्ये दोन पक्षच दुभंगले आणि आपण 2019 मध्ये ज्या चिन्हाला मत दिले ते चिन्ह आता कोणाकडे आहे, हे लोकांना वर्तमानपत्र उघडून पाहावे लागले. नागपुरात 54 टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. उरलेल्यांना नुसते उन्हाने घरी बसवले असे मला म्हणवत नाही.

शिक्षिका असल्यामुळे निवडणुकीची ड्यूटी मला कधी चुकली नाही. एप्रिल 2009 मध्ये मी नागपुरातल्या एका केंद्रावर दुसरी मतदान अधिकारी होते. मतदारांची नोंदवही माझ्यापुढे होती. अकराच्या सुमारास पांढरा सदरा घातलेले, हातात कापडी पिशवी असलेले एक वृद्ध गृहस्थ आले, त्यांनी नोंदवहीत सावकाश सही केली, आणि मी चिठ्ठी पुढे करताच म्हणाले, "बाई, चिठ्ठी राहू द्या. मला कोणालाच मत द्यायचे नाही. तसे तुमच्या वहीत लिहून घ्या." तेव्हा 'नोटा' नव्हते, पण 1961 च्या नियमांतला 49-ओ हा नियम होता आणि तो त्यांना आमच्यापेक्षा चांगला पाठ होता. केंद्राध्यक्ष पुस्तिका चाळू लागले, रांग खोळंबली, आणि बाकावर बसलेले सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट त्यांच्याकडे टक लावून पाहू लागले. शेरा लिहिला गेला, त्याखाली त्यांनी पुन्हा सही केली. या पद्धतीत गुप्तता राहत नाही, हेच कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2013 रोजी यंत्रावर वेगळे बटण ठेवण्याचा आदेश दिला. पण त्या दिवशी निदान पाच-सहा माणसांना कळले होते की या माणसाला कोणीही पसंत नाही.

हा प्रसंग परवा फोनवर मी भाच्याला सांगितला. त्याने पासपोर्ट खणातून काढून टेबलावर ठेवला आहे. गुरुवारी सकाळी सातला केंद्र उघडताच चर्चच्या सभागृहात जाऊन तो पुढे कामावर जाणार आहे. फुली कोठे मारायची हे ठरलेले नाही, आणि मीही विचारले नाही. तिथे पेन्सिलीने फुली मारतात आणि बोटाला शाई लावत नाहीत, याची त्याला जरा रुखरुख आहे. मग त्यानेच विचारले की त्या आजोबांच्या बोटाला मी शाई लावली होती का. लावली होती, आमच्या टेबलावर शाई आधी आणि चिठ्ठी नंतर असा क्रम होता. ते बाहेर पडले तेव्हा दारातल्या पोलिसाने त्यांच्या बोटाकडे पाहून "झालं का आजोबा मतदान?" असे विचारले, आणि त्यांनी मान डोलावलेली मला माझ्या खुर्चीवरून दिसली.