बॅकहो उतरवण्याआधी जमीन पाहावी लागते

आमच्या संत्र्याच्या बागेत २७ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आहे आणि त्याच्या मागे बसणारा छोटा बॅकहोही, म्हणजे जेसीबीसारखा खोदणारा हातही, आहे. झाडे ६ बाय ६ मीटरवर असल्यामुळे मोठा जेसीबी आत नेला की फांद्या मोडतात आणि त्याच्या वजनाने मुळांवरची माती दबते. म्हणून पाण्याच्या निचऱ्याचे चर, नांग्या भरण्यासाठीचे खड्डे आणि ठिबकच्या मुख्य पाईपची नाली ही सगळी कामे आम्ही उन्हाळ्यात या छोट्या यंत्राने उरकतो. मृग लागायच्या सुमारास मात्र याच ट्रॅक्टरला रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर जोडावा लागतो, त्यामुळे बॅकहो दरवर्षी जूनच्या आरंभी उतरतो आणि दिवाळीनंतर पुन्हा चढतो.

पहिल्या वर्षी तो कसा उतरवायचा हे मी नीट शिकून घेतले होते, पण कुठे उतरवायचा याचा विचार केला नव्हता. धुऱ्याजवळ कडुनिंबाखाली सावली होती, जमीन सपाट आणि दगडासारखी टणक दिसत होती, म्हणून तिथेच त्याचे दोन्ही पाय, म्हणजे बाजूचे टेकू, आणि बकेट टेकवून ट्रॅक्टर पुढे काढला. ती आमची भारी काळी जमीन होती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस झाला की तीच माती पाणी पिऊन फुगते व लोण्यासारखी मऊ होते. नोव्हेंबरमध्ये ट्रॅक्टर मागे घेऊन गेलो तेव्हा डावा पाय वीतभर खाली गेला होता, बकेटकडची बाजू वर आली होती आणि सगळा सांगाडा एका कुशीवर कलला होता. चारशे किलोच्या आसपासचे ते धूड सब्बल आणि चेन पुली लावून सरळ करण्यात पूर्ण दिवस गेला, शिवाय एका पिनेचे भोक चेपले ते वेगळेच. आमचे सालदार एवढेच म्हणाले, “भाऊ, जमीन फुगली न. ते काय आता तुमचं आयकते?”

दुसऱ्या वर्षी गोठ्याच्या बाजूला काळी माती दोन फूट उकरून काढली, मुरूम भरून धुम्मस केला आणि त्यावर काँक्रीटचा ओटा केला. ट्रॅक्टर जिथे उभा राहतो तिथपर्यंत तो लांब ठेवला, कारण ट्रॅक्टरची चाके आणि बॅकहोचे पाय एकाच पातळीवर असले तरच बॅकहोचे हूक आणि ते ज्यावर बसतात त्या ट्रॅक्टरच्या बाजूच्या आडव्या दांड्याची उंची जुळते. ओट्यावर मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडा ऑइल पेंटने आखून ठेवल्या आहेत, म्हणजे ट्रॅक्टर पुन्हा नेमका तिथेच मागे घेता येतो. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच आहे. बॅकहो चढवताना होणारे बहुतेक त्रास तो उतरवतानाच ठरलेले असतात.

उतरवण्याचे काम मी सकाळी सहाच्या सुमारास करतो. प्रथम बूम, म्हणजे खोदणारा मुख्य हात, मधोमध आणून त्याची बाजूला फिरण्याची पिन लावतो, मग ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढतो आणि इंजिन मंद चालू ठेवून दोन्ही पाय व बकेट जाड फळ्यांवर टेकवतो. इथे घाई करू नये. पायांनी ट्रॅक्टर उचलायचा नसतो, फक्त बॅकहो ट्रॅक्टरला अडकवणाऱ्या पिनांवरचा भार काढायचा असतो, आणि तो निघाला की नाही हे पिनच सांगते. भार असेल तर ती हातोड्यालाही दाद देत नाही, आणि भार सुटला की दोन बोटांनी गोल फिरते. ती फिरेपर्यंत एका वेळी एकच लिव्हर थोडी थोडी हलवावी. पिना निघाल्यावर बूमची लिव्हर किंचित हलवली की सांगाडा वर येतो आणि हूक दांड्यापासून सुटतात. त्या वेळी बॅकहो आणि ट्रॅक्टर यांच्या मध्ये कोणीही उभे राहता कामा नये. मदतीला आलेला माणूस नेमका तिथेच वाकून बघतो, म्हणून त्याला आधीच बाजूला उभे करावे.

मग इंजिन बंद करून प्रत्येक लिव्हर दोन्ही दिशांना हलवून तेलाच्या पाईपातला दाब काढून टाकावा आणि त्यानंतरच कपलर, म्हणजे पाईपांचे झटपट निघणारे जोड, सोडावेत. गळती आहे का हे हाताने कधीही चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावे. दाबाखालच्या तेलाची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते, जखम टोचल्याएवढीच दिसते आणि तरीही लगेच शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

आमच्या ट्रॅक्टरमध्ये तेल आधी बॅकहोकडे जाते आणि तिकडून परत येऊन मागची अवजारे उचलणाऱ्या लिफ्टला मिळते. त्यामुळे बॅकहो काढल्यावर ट्रॅक्टरच्या बाजूचे जाणारे आणि येणारे ही दोन टोके एकमेकांना जोडावीच लागतात. ती जोडायची राहिली तर तेलाची वाट बंद होते, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो, तेल तापते आणि मागची लिफ्ट उचलत नाही. आमच्याकडे एकदा असे झाले आणि आम्ही अर्धा तास रोटाव्हेटरमध्येच दोष शोधत बसलो. आता दोन्ही पाईपांना लाल आणि पिवळी टेप गुंडाळलेली आहे.

साठवणीत दोन शत्रू आहेत, पाणी आणि ऊन. पाय टेकलेले असताना त्यांच्या सिलिंडरचे चकचकीत दांडे बाहेर राहतात. त्यांच्यावर गंज चढला तर पुढच्या हंगामात सील फाटते, म्हणून त्या दांड्यांना ग्रीसचा जाड थर देऊन वर बारदाना गुंडाळतो. ताडपत्री वरून टाकतो, पण खालून बांधत नाही, कारण बंद ताडपत्रीत ओल कोंडते. कपलरची टोपणे न चुकता लावावीत. एका पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते, आणि ती माती तेलात गेली असती तर व्हॉल्व्ह खराब झाला असता. पिना आणि त्यांच्या क्लिपा मी बॅकहोलाच पिशवीत बांधून ठेवतो.

उन्हाचा त्रास कमी लोकांच्या लक्षात येतो. नवतपात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना काळे पाईप तापतात, आतले कोंडलेले तेल प्रसरण पावते आणि मग कपलर काही केल्या बसत नाही. उन्हाळ्यात मधेच बॅकहो उतरवून पुन्हा लावायचा असेल तर हे हमखास घडते. कपलरवर हातोडा मारू नये. पाईपांवर ओला बारदाना टाकून थांबावे किंवा काम पहाटे करावे. तेवढ्यानेही भागले नाही तर जाड फडके धरून, चेहरा दूर ठेवून, पाईपाचा दुसऱ्या टोकाचा जोड पान्याने अगदी हळू सैल करून थोडे तेल सोडावे.

काही जण बॅकहो सरळ थ्री पॉइंटवर, म्हणजे इतर अवजारांसारखा लिफ्टच्या तीन दांड्यांवर, लावतात. तो काढायला सोपा असतो हे खरे, पण खोदण्याचा सगळा जोर ट्रॅक्टरच्या मागच्या भागावर येतो आणि सांगाडा उचलून चालकाच्या अंगावर येण्याचा धोका राहतो. माझ्या मते तो लावूच नये. ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाणारी सबफ्रेम, म्हणजे बॅकहोचा जोर पेलणारी लोखंडी चौकट, महाग पडते आणि बॅकहो काढल्यावरही खाली राहून वरंब्याला घासते, तरीही तीच घ्यावी.

पुन्हा चढवताना मी सर्वांत आधी मागच्या टायरांची हवा तपासतो, कारण हवा कमी असेल तर दांडा खाली बसतो आणि आखलेल्या रेघेचा उपयोग राहत नाही. हूक जवळ आले की आधी पाईप जोडतो, म्हणजे उरलेली उंची बॅकहोच्याच पायांनी जुळवता येते. हूक बसले, पिना हाताने आत गेल्या आणि क्लिपा लागल्या की सगळे सिलिंडर दोन-तीन वेळा पूर्ण चालवून हवा काढतो, तेलाची पातळी पाहतो आणि तासभर खोदल्यावर सबफ्रेमचे बोल्ट पुन्हा आवळतो. गेल्या नोव्हेंबरात या सगळ्याला वीस मिनिटे लागली आणि सब्बल गोठ्यातच राहिली.