तुम्ही विचारलंत म्हणून: प्लास्टिकच्या गवताला दीड फूट खोदाई कशाला?

"अहो, गवत प्लास्टिकचं. त्याला मुळं नाहीत, पाणी लागत नाही. मग जेसीबी कशाला?"

बंगल्यामागे मुलांसाठी छोटं टर्फ कोर्ट करायचं ठरलं की पहिल्याच भेटीत हा प्रश्न येतो. परभणी, लातूर, सोलापूर, जळगाव, कुठेही जा. कोटेशनमध्ये खोदाई, मुरूम आणि खडीचे आकडे दिसतात आणि समोरच्याचा चेहरा बदलतो. त्यांना गवताचे पैसे समजतात, जमिनीखाली जाणारे समजत नाहीत. कोकणात जांभ्यावर काम असेल तर मी स्वतःच एवढं खोदू देत नाही. काळ्या मातीवर मात्र हट्ट धरतो.

सुरुवातीला मी हा हट्ट धरला नव्हता. परभणीत एका शिक्षक दांपत्याच्या घरामागे भर मे महिन्यात काम केलं. चार इंच माती खरवडली, वर खडी आणि कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, पसरून रोलर फिरवला, टर्फ चिकटवलं. दिसायला गालिचा. टर्फच्या पाठीला भोकं असतात, पाऊस त्यातून खाली उतरतो आणि तो उतरलाच. गणपतीपर्यंत मधला भाग म्हशीच्या पाठीसारखा वर आला, नळाजवळचा कोपरा तर वीतभर फुगला. जोड उकलला. त्यात पाय अडकून त्यांची मुलगी पडली आणि तिचं मनगट मोडलं. ते कोर्ट मी माझ्या खर्चाने उखडून पुन्हा केलं, पण त्या प्लास्टरची भरपाई कशी करणार?

ही काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं, त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यात घरंगळते, म्हणून शेतकरी म्हणतात की ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. कापसाला हे वरदान. क्रिकेटच्या खेळपट्टीसाठीसुद्धा हीच माती मुद्दाम नेतात, कारण ओली करून दाबली की ती घट्ट बसते. पण खेळपट्टीची रोज देखभाल होते. टर्फ एकदा चिकटवलं की खाली काय चाललंय ते कुणी पाहत नाही.

शंका असेल तर मी साधी चाचणी करतो. माती वाळवून, बारीक चाळून प्रत्येकी 10 ग्रॅम दोन मापनळ्यांत घालायची. एकीत रॉकेल, दुसरीत डिस्टिल्ड पाणी, आणि 24 तास थांबायचं. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीच्या दीडपट भरली, तर मी खोदाईचा आकडा एक इंचानेही कमी करत नाही.

आता खोदून काय करायचं? इथे बरेच जण चुकतात. खड्डा खोदून त्यात नुसती खडी भरली, तर चिकणमातीत हौद बांधल्यासारखं होतं. पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते आणि खालची माती महिनाभर भिजत राहते. त्यापेक्षा न खोदलेलं बरं. म्हणून तळालाच ढाळ द्यायचा, 100 फुटांना एक फूट. 30 फूट रुंदीत साडेतीन इंच. उतरत्या कडेला चरात भोकांचा पाईप, भोवती जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, आणि पाईपाचं तोंड गटारात किंवा नाल्यात उघडं. तोंड कुठे काढायचं हे ठरल्याशिवाय मी कुदळ मारू देत नाही.

तळ हलका ओलवून दाबला की त्यावर कापड, नाहीतर काळी माती खडीत घुसते. मग मुरूम, सहा-सहा इंचांचे दोन थर, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. 60 बाय 30 च्या कोर्टाला दाबलेला एक फूट म्हणजे 18 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). मुरूम दबून बसतो, म्हणून 22 ते 24 ब्रास मागवावा लागतो. मुरमाच्या माथ्यालाही तोच ढाळ. वर चार इंच खडी, दोन इंच कच, मग टर्फ आणि त्यात सिलिका वाळू. घरच्या कोर्टात रबराचे दाणे मी घालत नाही, पावसात ते थेट नाल्यात जातात.

"खाली दहा फूट काळी माती आहे, तुम्ही दीड फूट काढून काय होणार?" हा त्याच्या पाठचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. सगळी माती काढता येत नाहीच. पण न फुगणाऱ्या, घट्ट बसणाऱ्या मातीचा थर वर दाबून बसवला की खालचं फुगणं आवरतं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी कालव्यांसारख्या कामांसाठी याच तत्त्वावर अभ्यास केला. तिथे हा थर मीटरभर जाडही असतो. कोर्टात कालव्यासारखं पाणी साठून राहत नाही, त्यामुळे फूटभर मुरूम आणि बाहेर पडणारं पाणी मिळून भागतं. नुसता कोबा टाकून त्यावर गवत चिकटवण्याचा स्वस्त उपाय मात्र कुणी सुचवला तर ऐकू नका. कोबा तडकतो, आणि तडा टर्फखाली झाकलेला राहतो.

काम पावसाळ्यानंतर, दिवाळी सरल्यावर करा. मे महिन्यात तडकलेल्या जमिनीवर केलेलं काम पहिल्याच पावसात हलतं. आणि कोर्टाच्या कडेला गुलाबाचा वाफा, ठिबक किंवा शोषखड्डा नको. मधली जमीन कोरडी आणि एकच कड बारमाही ओली राहिली, तर एवढं सगळं करूनही ती कड वर येईल. कडुनिंबासारखं मोठं झाड अगदी लगत असेल तर उलटं होतं, ते पाणी ओढून जमीन खचवतं. झाड तोडू नका, कोर्ट सरकवा.

फोनवर विचारणार असाल तर टर्फचे नमुने पाठवायला सांगू नका. आधी तुमच्या कंपाउंडच्या भिंतीचा फोटो पाठवा. विटांच्या जोडांतून जिन्यासारखी तिरकी चीर गेली असेल, तर खालची जमीन हलतेय हे दिसतं आणि खोदाईबद्दलचं निम्मं बोलणं तिथेच होऊन जातं.